साखर आयुक्तांना खुले पत्र : उतारा घटला, पण नेमका कुणाचा?

प्रति,
मा. साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे

महोदय,

हंगाम आटोपला की आपल्या कार्यालयातून एक तक्ता बाहेर पडतो. विभाग, चालू कारखाने, गाळप, साखर आणि उतारा, म्हणजे शंभर टन उसातून किती टन साखर निघाली. दुसऱ्या दिवशीचा मथळा ठरलेला असतो : कोल्हापूर विभाग आघाडीवर. मग गावोगावच्या वार्षिक सभांत अध्यक्ष उभे राहतात आणि आपल्याकडचा उतारा कमी का, ते सांगतात. अवकाळी पाऊस झाला, तुरा लवकर आला, खोडवा जास्त होता, लोकांनी ८६०३२ ही जात सोडून फुले २६५ ही लावली. कारण कोणतेही निघो, दोष उसाच्या माथी. सभासद मान डोलावतात, कारण ऊस त्यांचाच असतो.

मी अर्थशास्त्र शिकवते आणि माझ्या नावावर थोडा ऊसही आहे. दोन्ही नात्यांनी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. या तक्त्यावरून कोणता कारखाना नीट चालला आणि कोणता ढिसाळ, हे कुणालाच सांगता येणार नाही. उतारा हा एकच आकडा दोन वेगळ्या गोष्टी पोटात घेऊन बसतो : उसात साखर किती होती, आणि असलेल्या साखरेपैकी कारखान्याने पोत्यात किती आणली. पहिली गोष्ट जमिनीची, हवामानाची, जातीची, शेतकऱ्याची. दुसरी कारखान्याची. आपण दोन्हींचा गुणाकार छापता, आणि एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, त्या गुणाकारावर ठरते.

प्रयोगशाळेत थोडा वेळ उभे राहिले तरी हा गुणाकार सोडवता येतो हे दिसते. पहिल्या मिलचा (ऊस पिळणाऱ्या रोलरच्या संचाचा) रस, सगळा मिसळलेला रस आणि शेवटच्या मिलमधून पडणारा बगॅस, म्हणजे चिपाड, यांचे नमुने ठरलेल्या वेळी येतात. रस निवळून गाळतात, साखर मोजणाऱ्या पोलॅरिमीटरच्या नळीत भरतात, वाचन वहीत लिहितात. बगॅस पाण्यात उकळून त्यात राहिलेली साखर काढतात. रस निवळताना निघणाऱ्या गाळाचा, म्हणजे प्रेसमडचा, नमुना वेगळा, साखर काढून उरलेल्या मळीचा वेगळा. म्हणजे साखर कुठे कुठे गेली याचा हिशेब रोज लिहिला जातो. हंगाम संपल्यावर तो आरटी-८ (सी) या विवरणपत्रात चढतो : उसातली पोल (साखरेचे प्रमाण) किती, बगॅसमध्ये किती गेली, प्रेसमडमध्ये किती, मळीत किती, आणि ज्याचा पत्ताच लागला नाही ती 'अननोन' किती. मिल किती तास थांबली आणि कशामुळे, तेही त्यात असते. ज्याच्या उसातून ही साखर निघाली त्या सभासदाला मात्र हा कागद सहसा दिसत नाही.

हिशेबासाठी दोन काल्पनिक कारखाने घेऊ. दोघांच्याही उसात पोल १३ टक्के. पहिल्याचे लॉसेस बगॅसमध्ये ०.५५, प्रेसमडमध्ये ०.०५, मळीत १.१०, अननोन ०.०५, बेरीज १.७५, उतारा ११.२५. दुसऱ्याच्या मिलचे रोलर झिजलेले, साखर शिजवण्याच्या पॅनवर घाई, वारंवार बंद पडणे. तिथे ०.७५, ०.१०, १.३५ आणि ०.१५, बेरीज २.३५, उतारा १०.६५. ऊस तोच, फरक ०.६ चा.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये ठरवले. म्हणजे ०.६ चे झाले टनाला सुमारे २०८ रुपये. ज्याचा ऐंशी टन ऊस दुसऱ्या कारखान्याला गेला, त्याचे साडेसोळा हजार रुपये झिजलेल्या रोलरपायी गेले. त्याच्या उसात काही कमी नव्हते. कारखान्याने सात लाख टन गाळप केले असेल, तर ४२,००० क्विंटल साखर पोत्यापर्यंत पोचलीच नाही. केंद्राने २०१९ मध्ये ठरवलेल्या किलोला ३१ रुपये या किमान विक्री दरानेसुद्धा ती तेरा कोटींची होते. ही झाली कारखान्याची अकार्यक्षमता, पण तिच्या बिलाचा मोठा भाग शेतकरी भरतो. आणि सभेत त्यालाच ऐकवले जाते की तुमचा ऊस हलका.

गेल्या काही वर्षांत आपण सगळे भांडलो ते वेगळ्याच मुद्द्यावर. फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने एफआरपी दोन टप्प्यांत आणि चालू हंगामाच्या उताऱ्यावर द्यायचे ठरले. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. एकरकमी की टप्प्याने, मागचा उतारा की चालू, यावर मोर्चे निघाले, वाहने अडवली गेली. तो लढा योग्यच होता. पण उतारा मागचा घ्या नाहीतर चालू घ्या, त्यात कारखान्याचा ढिसाळपणा मिसळलेला आहे तो आहेच.

अर्थशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडमधल्या मायकेल फॅरेल यांनी १९५७ मध्ये मांडलेली कल्पना आजही पायाभूत मानतात. उत्पादक किती चांगला, हे सरासरीशी तुलना करून कळत नाही. कागदावरच्या आदर्श यंत्राशी तुलना करूनही नाही, कारण तसे यंत्र कुणाकडेच नसते. तेवढ्याच साधनांत प्रत्यक्ष कुणीतरी सर्वांत जास्त काढून दाखवले आहे. त्या सर्वोत्तमांची सीमारेषा आखा आणि प्रत्येकजण तिच्यापासून किती मागे आहे ते मोजा. फॅरेल यांनी हे अमेरिकेतल्या ४८ राज्यांच्या शेतीवर करून दाखवले. १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी त्याला गणिती साचा दिला, त्याला डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस म्हणतात. त्याआधी एक वर्ष दुसऱ्या काहींनी अशी पद्धत काढली होती, जिच्यात नशिबाचा भाग वेगळा आणि ढिसाळपणाचा भाग वेगळा काढायचा प्रयत्न असतो. आपल्याकडच्या उसासाठी ही दुसरी पद्धत मला जास्त योग्य वाटते. अवकाळी पाऊस हे नशीब आहे. फुटलेली बॉयलर ट्यूब दर हंगामात तिथेच फुटत असेल तर ते नशीब नाही.

हे परक्या विद्यापीठांतले खूळ वाटण्याचे कारण नाही. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. तो कारखाना उभा करणाऱ्या विठ्ठलराव विखे पाटलांनी एका अर्थशास्त्रज्ञाला अध्यक्ष केले, ते शोभेसाठी नव्हे. आज संचालक मंडळात अर्थशास्त्रज्ञ सोडा, ताळेबंद नीट वाचणारा माणूस सापडला तरी पुष्कळ.

मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट दरवर्षी तांत्रिक कार्यक्षमतेचे पुरस्कार देते, तेही विभागवार. म्हणजे कोल्हापूरचा ऊस आणि मराठवाड्याचा ऊस एका तराजूत तोलायचा नाही, हे परीक्षकांना चांगले ठाऊक आहे. पण बाहेर येतात ती पहिल्या दोन-तीन कारखान्यांची नावे आणि फेटे बांधलेले फोटो. विसाव्या क्रमांकाचा कारखाना पहिल्यापासून किती मागे होता, हे त्याच्या सभासदाला कोण सांगणार?

आता जरा खोलात जावे लागणार आहे. गमावलेले उत्पादन मोजणे दिसते तितके सोपे नाही, आणि चुकीचे मोजले तर शिक्षा भलत्यालाच होईल.

मिल थांबण्याचेच घ्या. रोज ५,००० टन गाळणारी मिल रात्री सात तास बंद पडली. वहीत नोंद : मेकॅनिकल. सरळ गुणाकार केला तर साधारण १,४६० टन गाळप बुडाले. यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेने उभ्या, ड्रायव्हर ट्रॉलीखाली अंथरूण टाकून झोपलेले, बैलगाडीवाल्यांनी बैल सोडून वाढ्यांचे भारे पुढ्यात टाकलेले. पण १,४६० टनांची साखर बुडाली असे म्हणता येईल का? नाही. तो ऊस सकाळी गाळला जातोच. नुकसान वेगळ्या वाटेने होते. आधीच दीड-दोन दिवसांपूर्वी तोडलेला ऊस आणखी वाळतो. वजन घटते ते शेतकऱ्याचे, आतल्या साखरेचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होऊन पोल घटते ती सगळ्यांची. टाक्यांत अडकलेला रस आंबतो. मिल पुन्हा चालू करताना वाफ आणि बगॅस जास्त जळतो. शिवाय शेतातला उभा ऊस सात तास मागे ढकलला जातो. फेब्रुवारीत हे चालून जाते. एप्रिल-मेपर्यंत ढकलला गेला तर उन्हाने उतारा पडतो.

म्हणून एकाच थांबलेल्या तासाची किंमत दरवर्षी वेगळी असते. २०२१-२२ मध्ये राज्यात सुमारे १३७ लाख टन साखर झाली, काही कारखाने जूनपर्यंत चालले आणि बीड-जालन्याकडचा ऊस तरीही शिवारात उभा होता. त्या वर्षी नोव्हेंबरात बंद पडलेल्या प्रत्येक तासाचे नुकसान मे महिन्यात कुणाच्या तरी फडात निघाले. याउलट २०२४-२५ मध्ये उत्पादन ८१ लाख टनांच्या आसपास अडले आणि अनेक कारखान्यांचा हंगाम शंभर दिवसही चालला नाही. त्या वर्षी तासभर मिल थांबली तर गाळप बुडाले नाही, फक्त यार्डातला ऊस शिळा झाला. दोन्ही वर्षांच्या वहीत मात्र नोंद सारखीच : एक तास, मेकॅनिकल.

सरकारने एकदा या नुकसानीला किंमत लावलीही आहे. मे २०२२ मध्ये शिल्लक उसासाठी ५० किलोमीटरपुढच्या वाहतुकीला टनाला किलोमीटरमागे ५ रुपये आणि १ मेनंतरच्या गाळपाला टनाला २०० रुपये उतारा-घट अनुदान जाहीर झाले. संकटात ते हवेच होते. पण त्या घटीतला उन्हाचा वाटा किती आणि ऊस नोंदीप्रमाणे तोडणीचा कार्यक्रम न लावल्याचा किती, हे कुणी वेगळे केले नाही. करदात्याने दोन्हींचे पैसे भरले.

ऊस नाही म्हणून थांबलेल्या मिलचे दुखणे आणखी निराळे. शेजारच्याने क्षमता वाढवली की आपणही वाढवायची, नाहीतर तो गेटकेन, म्हणजे आपल्या कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस, उचलतो. एकेका कारखान्याच्या बाजूने पाहिले तर विस्ताराचा निर्णय शहाणपणाचा असतो. सगळ्यांनी केला की तोच ऊस कमी दिवसांत संपतो, पुढचे सात-आठ महिने यंत्रे बसून राहतात आणि कर्जाचे व्याज तेवढे चालू. अशा कारखान्याची मिल रोजच्या हिशेबात अव्वल ठरेल, लॉसेसही कमी असतील. तरीही राज्य म्हणून आपण भांडवल बसवून ठेवलेले असते. हा दोष चीफ केमिस्टच्या गळ्यात घालता येणार नाही. तो परवाने देणाऱ्यांचा आणि मागणाऱ्यांचा आहे, आणि त्याचा रकाना वेगळाच हवा.

गेटकेनवरून आठवले. लांबून आणलेल्या उसाचा वाहतूक खर्च सरासरीत धरला गेला, तर तो कारखान्याच्या भिंतीला लागून शेत असलेल्याच्या बिलातूनही कापला जातो. उताऱ्यातली अकार्यक्षमता निदान शोधता तरी येते. ही 'तोडणी-वाहतूक' या दोन शब्दांत गडप होते.

मोजणीतले दोन सापळे सांगते, कारण सीमारेषा आखली की पहिला गैरवापर इथेच होईल.

पहिला वजनकाट्याचा. उसातली साखर थेट कुणी मोजत नाही. रसातली आणि बगॅसमधली मिळवून काढतात. बगॅसचे वजनही बहुधा होत नाही. ऊस अधिक इम्बिबिशनचे (बगॅसमधली साखर धुवून काढायला टाकलेले) पाणी, त्यातून मिसळ रस वजा केला की उरेल तो बगॅस. सगळा डोलारा उसाच्या वजनावर उभा आहे. काटामारी करून १०० टन ऊस ९७ भरला आणि साखर ११ टनच निघाली, तर ती पूर्ण दाखवल्यास उतारा ११ चा ११.३४ होतो. म्हणजे शेतकऱ्याचा ऊस चोरणारा कारखाना कागदावर कार्यक्षम दिसतो! सर्वोत्तमांच्या यादीत असा एक घुसला की सीमारेषाच वर सरकते आणि प्रामाणिक कारखाने विनाकारण मागे पडलेले दिसतात. त्यामुळे ज्यांचे काटे बाहेरच्या यंत्रणेने हंगामात अचानक तपासलेले नाहीत, त्यांना सीमारेषेत धरूच नये.

दुसरा इथेनॉलचा. बी-हेवी, म्हणजे जास्त साखर शिल्लक असलेली मळी इथेनॉलकडे वळवली की उतारा दीड टक्क्याच्या आसपास खाली दिसतो, थेट रस वळवला तर साखर त्याहून कमी. ही साखर वाया गेलेली नसते, तिचे दुसऱ्या मालात रूपांतर झालेले असते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर अचानक निर्बंध आणले. असा निर्णय आला की काहीही सुधारणा न करता कारखान्याचा उतारा वाढलेला दिसू शकतो. म्हणून साखर, इथेनॉल आणि सहवीज (बगॅस जाळून केलेली वीज) असे तिन्ही माल एकत्र धरूनच तुलना करायला हवी. फॅरेलच्या मार्गाने निघालेल्या पद्धतींना ते जमते. आपल्या तक्त्याला जमत नाही.

आणि एक गोष्ट कोणत्याच पद्धतीत आपसूक येत नाही. तोडणी मजुराच्या कोयत्याचा एक दिवस बुडाला तर मुकादम त्याला खाडा म्हणतो आणि दंड लावतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. खाडा पडू नये ही धास्ती त्या चर्चेत पुन्हा पुन्हा पुढे आली. मिल सात तास थांबली तर फडातली टोळीही रिकामी बसते, पण तिचा बुडालेला वेळ आरटी-८ मध्ये कुठे लिहीत नाहीत. स्वस्त आणि हतबल माणसे वापरून जो कारखाना पुढे दिसतो, त्याला कार्यक्षम म्हणताना माझी तरी जीभ अडखळते.

मग करायचे काय? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ऊस-दराचे जे सूत्र रुजले, त्यात शेतकऱ्याला पैसे मिळतात ते उसाच्या सीसीएसवर, म्हणजे त्यातून व्यवहारात काढता येईल अशा साखरेवर. गिरणीची कार्यक्षमता त्यात ९० टक्के धरलेली असते. प्रत्यक्षात गिरणीने त्याहून जास्त साखर काढली तर वरचा फायदा तिचा. कमी काढली तर तोटाही तिचाच. ढिसाळपणा ज्याचा त्याच्या अंगावर पडतो.

आपल्याकडे एकराच्या तुकड्यातल्या प्रत्येक उसाची तपासणी व्हावी असे मी म्हणत नाही. पण कारखान्याच्या सरासरी उसातली पोल आजही काढली जाते. ती वसंतदादा इन्स्टिट्यूटसारख्या बाहेरच्या हाताने नमुने घेऊन पडताळा. सारखी पोल, सारखा फायबर (तंतूंचा भाग) आणि सारखी क्षमता असलेल्या कारखान्यांत सर्वोत्तमांनी किती लॉसेसमध्ये काम भागवले, ते गोखले संस्थेकडून किंवा कृषी विद्यापीठांकडून काढून घ्या. त्या हिशेबाने जो उतारा यायला हवा होता, त्यावर शेतकऱ्याचा दर धरा आणि मधली तफावत कारखान्याच्या खात्यावर राहू द्या. एफआरपीचे सूत्र केंद्राचे आहे, आपल्या हाती नाही, हे मला माहीत आहे. पण राज्याने २०१३ मध्ये ऊस दराचा स्वतःचा कायदा केला, ऊस दर नियंत्रण मंडळ नेमले, शेतकरी आणि कारखाना यांच्यातले ७०:३० चे महसूल वाटप त्यातूनच आले. त्या मंडळापुढे हा हिशेब ठेवायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

कारखानदार म्हणतील की असे केले तर आजारी कारखाने बुडतील. काही बुडतीलही. अर्थशास्त्रज्ञ हार्वे लायबेनस्टाइन यांनी १९६६ मध्ये दाखवले होते की स्पर्धेचा धाक नसला की आतला ढिलेपणा खर्चात मुरतो आणि कुणाला बोचत नाही. आपल्याकडे दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतराची भिंत सरकारनेच उभी केली आहे. धाक काढून घेतला, तर निदान आरसा तरी द्या.

या सगळ्याला वेळ लागेल. एक काम मात्र याच वर्षी होऊ शकते. दर हंगामाआधी कारखाने गाळप परवान्यासाठी आपल्याकडे अर्ज करतात. मागच्या हंगामाचा आरटी-८ (सी), चारही लॉसेस आणि कारणवार बंद तासांसह, कारखान्याच्या फलकावर आणि संकेतस्थळावर मराठीत लावल्याचा पुरावा त्या अर्जाला जोडणे सक्तीचे करा. एकही नवा आकडा गोळा करावा लागणार नाही. परवाने ऑक्टोबरात निघतात आणि वार्षिक सभा बहुतेक ठिकाणी सप्टेंबरात असतात, तेव्हा हे परिपत्रक ऑगस्टच्या आत निघावे ही विनंती. सभेत काय विचारायचे ते आम्ही सभासद पाहून घेऊ.

आपली,
माळशिरस तालुक्यातील एक ऊस उत्पादक सभासद